तृणधान्यांतील संप्रेरक-संकेत आणि ताणसहनशीलता : पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयात नेमका कशाचा अभ्यास होतो?

भात, गहू, मका, ज्वारी, बाजरी, सातू ही पिके जागच्या जागी उभी राहून दुष्काळ, पूर, खारवटपणा, उष्णता आणि थंडी सोसतात. जमिनीतला ओलावा घटला की पर्णरंध्रे मिटायची का, फुटवे धरायचे की थांबवायचे, मुळे किती खोल न्यायची, फुलोरा लवकर आणायचा का, हे सारे वनस्पतीच्या शरीरात अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या संप्रेरकांच्या मार्फत ठरते. ऑक्सिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲब्सिसिक आम्ल, इथिलीन, ब्रासिनोस्टेरॉइड, जास्मोनेट, सॅलिसिलिक आम्ल आणि स्ट्रायगोलॅक्टोन ही त्यांतली प्रमुख. संप्रेरक कुठे तयार होते, कोणत्या पेशीपर्यंत पोहोचते, तिथले कोणते प्रथिन त्याला ओळखते, त्यातून कोणती जनुके चालू किंवा बंद होतात आणि अखेरीस ओंबीत किती दाणे भरतात, अशी ही साखळी आहे. एका पीएच.डी.मध्ये तिचा एखादाच दुवा नीट हाताळता येतो. तरीही तो दुवा दाण्यापर्यंत कसा पोहोचतो, याचे भान पहिल्या दिवसापासून असावे लागते. पुढची बहुतेक उत्तरे याच आग्रहातून लिहिलेली आहेत.

संकेत प्रत्यक्षात चालतो कसा?

ॲब्सिसिक आम्लाचे उदाहरण घेऊ, कारण त्याच्या मार्गाचा आराखडा बराचसा उलगडलेला आहे. पाणी मुबलक असते तेव्हा पीपी२सी नावाची विकरे, म्हणजे प्रथिनांवरील फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम्स, एसएनआरके२ या कायनेजांना, म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांना, निष्क्रिय ठेवतात. पाण्याची टंचाई सुरू झाली की ॲब्सिसिक आम्ल वाढते आणि पीवायआर किंवा पीवायएल या गटातील ग्राही, म्हणजे संप्रेरक ओळखणाऱ्या, प्रथिनाच्या पोकळीत जाऊन बसते. पोकळीचे झाकण त्यावर मिटते, आणि मिटलेल्या झाकणामुळे जो नवा पृष्ठभाग तयार होतो तो पीपी२सीच्या क्रियाशील भागावर घट्ट बसून त्याचे काम बंद पाडतो. अशा रीतीने मोकळे झालेले एसएनआरके२ रंध्राभोवतीच्या रक्षक पेशींच्या पटलावरील एसएलएसी१ या ऋणायन-मार्गिकेला फॉस्फेट जोडते, मार्गिका उघडते, क्लोराइडसारखे ऋणायन बाहेर पडतात, त्यांच्या पाठोपाठ पोटॅशियम आणि पाणी जाते, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटते. हे सारे काही मिनिटांत घडते. त्याच कायनेजांमुळे केंद्रकातील ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जनुके चालू-बंद करणारी प्रथिने, सक्रिय होऊन शेकडो जनुकांची पातळी बदलते, त्याला मात्र तास लागतात. विद्यार्थ्यांकडून पुष्कळदा हा फरक निसटतो आणि मिनिटांत घडणाऱ्या घटनेचे स्पष्टीकरण तासांनी बदलणाऱ्या जनुकांत शोधले जाते.

हे ग्राही २००९ साली दोन स्वतंत्र गटांनी जवळजवळ एकाच वेळी ओळखले. त्याआधी २००६ मध्ये एका वेगळ्याच ग्राहीचा दावा नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता आणि २००८ मध्ये तो शोधनिबंध मागे घ्यावा लागला. या क्षेत्रात येणाऱ्याने दोन्ही इतिहास वाचावेत, दुसरा जरा अधिक लक्षपूर्वक.

ही माहिती बरीचशी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील, प्रयोगशाळेत नमुना म्हणून वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीमधून आली आहे. ती तृणधान्यांना जशीच्या तशी लागू पडते का?

गाभा लागू पडतो, तपशील अनेकदा पडत नाहीत. ग्राही, पीपी२सी आणि एसएनआरके२ ही रचना भात-गव्हातही आहे. परंतु गवतवर्गातील रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना साहाय्यक पेशी असतात, ज्यांच्याशी आयनांची देवाणघेवाण झाल्याने रंध्रे झटपट उघडतात व मिटतात. घेवड्याच्या बीच्या आकाराच्या रक्षक पेशी असलेल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये हा भाग अभ्यासताच येत नाही. फुटवे, लोंबी, कांड्यांची वाढ, दाण्याच्या सालीखालचा ॲल्यूरोन थर यांनाही तिथे नेमका प्रतिरूप नाही.

शिवाय सारे ज्ञान अरॅबिडॉप्सिसमधूनच आले, हा समज पुरता खरा नाही. जिबरेलिनचा शोध भातामुळे लागला. एका बुरशीच्या लागणीने भाताची रोपे अवाजवी उंच होऊन लोळत असत. त्या बुरशीच्या द्रवातच उंची वाढवणारा पदार्थ आहे, हे जपानी संशोधक कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले आणि १९३५ मध्ये याबुता यांनी त्याला जिबरेलिन हे नाव दिले. या संप्रेरकाचा जीआयडी१ हा ग्राहीदेखील २००५ मध्ये भातातच प्रथम सापडला. त्यामुळे 'आधी अरॅबिडॉप्सिस, मग पीक' हा क्रम पाळलाच पाहिजे असे मानण्याचे कारण नाही.

संप्रेरक-संकेत बदलून शेतात खरोखर फायदा झाल्याचे पुरावे आहेत का?

आहेत, आणि त्यांतले काही या शास्त्राच्या जन्माआधीचे आहेत. हरितक्रांतीतील बुटके गहू नोरिन १० या जपानी वाणातून आलेल्या जनुकांवर उभे होते. ती जनुके काय करतात हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले: जिबरेलिन आल्यावर एरवी नष्ट होणारी आणि वाढीला लगाम घालणारी डेला प्रथिने या गव्हात नष्ट होत नाहीत, म्हणून ताट आखूड राहते आणि खताचा भार पेलते. बुटक्या भाताचे एसडी१ जनुक २००२ मध्ये उलगडले. त्यात जिबरेलिन तयार करणारे एक विकर निकामी झालेले असते. पैदासकारांनी डोळ्यांनी निवडलेली उंची ही मुळात संप्रेरकाची निवड होती.

ताणाच्या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण पुराचे आहे. भाताचे शेत पाण्याखाली गेले की बुडालेल्या भागात इथिलीन साचते, कारण वायू पाण्यातून फार सावकाश बाहेर पडतो. सामान्य भात अशा वेळी वर येण्यासाठी उंच वाढू लागतो, साठवलेली शर्करा संपवतो आणि पाणी ओसरेपर्यंत मरगळून जातो. ओडिशातील एफआर१३ए या जुन्या वाणात मात्र सब१ए हे जनुक आहे, ज्याची ओळख २००६ मध्ये पटली. हे जनुक इथिलीनला प्रतिसाद देणाऱ्या घटकांच्या कुळातले असून ते जिबरेलिनला लगाम घालणारी प्रथिने वाढवते. वाढ थांबते, शर्करा शिल्लक राहते आणि साधारण दोन आठवडे पूर्ण बुडूनही रोप पुन्हा फुटते. हेच जनुक संकराद्वारे स्वर्णा या लोकप्रिय वाणात आणून स्वर्णा-सब१ तयार झाला.

त्याउलट खोल पाण्यातल्या भाताचे आहे. तिथे पाणी महिनोन्‌महिने ओसरत नाही, त्यामुळे थांबून राहणे म्हणजे मरणे. २००९ मध्ये त्यात स्नॉर्केल१ आणि स्नॉर्केल२ ही जनुके सापडली. तीही इथिलीनला प्रतिसाद देणाऱ्या त्याच कुळातली, पण त्यांचा परिणाम कांडी झपाट्याने लांबवण्याचा. पुढे २०१८ मध्ये असे दिसले की खोल पाण्यातल्या भाताची ही वाढ एसडी१च्याच एका वेगळ्या रूपावर अवलंबून आहे. म्हणजे ज्या जनुकाच्या निकामी रूपाने भात बुटका केला, त्याच्याच दुसऱ्या रूपाने तो पाण्याबरोबर उंचावतो. संप्रेरक एक, जनुकांचे कुळ एक, आणि कोणते वर्तन योग्य हे पूर किती दिवस टिकतो यावर अवलंबून. आपल्या प्रबंधात 'अमुक जनुक ताणसहनशीलता वाढवते' असे वाक्य लिहिण्यापूर्वी कोणता ताण, किती काळ आणि कोणत्या अवस्थेत, हे तीन शब्दप्रयोग त्यात आहेत का, ते पाहावे.

कुंडीत पाणी तोडले असता माझी उत्परिवर्तित रोपे जगली आणि मूळ वाणाची मेली. हा दुष्काळ-सहनशीलतेचा पुरावा नव्हे का?

बहुतेक वेळा नव्हे, आणि या क्षेत्रातील बऱ्याच अतिशयोक्त दाव्यांचे मूळ याच प्रयोगात आहे. समजा, दोन कुंड्यांत रोपांना घेता येईल असे प्रत्येकी १ लिटर पाणी आहे. मूळ वाणाचे मोठे रोप दिवसाला २०० मि.ली. पाणी उडवते, तर उत्परिवर्तित रोप पानाने निम्मे असल्याने १०० मि.ली. पहिल्याचे पाणी पाचव्या दिवशी संपते, दुसऱ्याचे दहाव्या. आठव्या दिवशी छायाचित्र काढले तर एक रोप सुकलेले आणि दुसरे टवटवीत दिसेल. पण दुसऱ्याला अजून दुष्काळ भेटलेलाच नाही. संप्रेरकांच्या मार्गात बदल केला की रोपांचा आकार बदलणे ही इतकी सामान्य गोष्ट आहे की हा आक्षेप परीक्षक घेतीलच असे समजावे.

उपाय अवघड नाहीत, कष्टाचे आहेत. कुंड्या रोज वजन करून प्रत्येकीतील ओलावा ठरवलेल्या पातळीवर आणता येतो. दोन्ही जनुकप्रकारांची रोपे एकाच मोठ्या कुंडीत लावली तर दोघांनाही तीच माती आणि तेच पाणी मिळते. पानाचा सापेक्ष जलांश (पूर्ण भिजलेल्या पानाच्या तुलनेत असलेले पाणी) किंवा जलविभव (पानातील पाणी किती जोराने धरलेले आहे त्याचे माप) मोजून तुलना 'पाणी तोडल्याचे दिवस' यावर न करता वनस्पतीच्या प्रत्यक्ष स्थितीवर करावी. मुळांना पाणी घेणे अवघड करणाऱ्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात रोपे ठेवणे झटपट असते आणि संकेताच्या पहिल्या काही तासांचा अभ्यास करायला ते चालते. त्यावरून शेतातील दुष्काळाविषयी निष्कर्ष काढू नयेत.

यापलीकडे आणखी एक मुद्दा उरतो. शेतकऱ्याला रोप जगण्यात फारसा रस नसतो, त्याला दाणा हवा असतो. लागवडीखालील तृणधान्ये ज्या दुष्काळात उत्पादन गमावतात, तो बहुधा रोपे मारणारा दुष्काळ नसतो. तो पीक हिरवे ठेवूनही दाण्यांची संख्या घटवणारा असतो. जगण्याची टक्केवारी हा एकमेव निकष ठेवून केलेल्या कामाला म्हणून आम्ही प्राथमिक निरीक्षणाच्या वर दर्जा देत नाही.

फुलोऱ्याच्या काळातील ताणावर इतका भर का दिला जातो?

कारण नुकसान तिथे परत न भरून येणारे असते. वाढीच्या काळात पाणी कमी पडले तर पीक नंतर काही अंशी सावरते. पोटरीत असताना, परागकण तयार होण्याच्या सुमारास, गव्हाला दुष्काळ किंवा भाताला थंडी लागली तर परागकोशात ॲब्सिसिक आम्ल वाढते, परागांना शर्करा पुरवणाऱ्या थरातील इन्व्हर्टेज विकराची पातळी घसरते, परागकणांत स्टार्च साठत नाही आणि ते वांझ राहतात. बाहेरून ओंबी नेहमीसारखी दिसते. हातात घेऊन दाबली की पोकळ लागते. संवेदनशील आणि सहनशील वाणांमधला फरक येथे परागकोशात किती ॲब्सिसिक आम्ल साचते यात दिसून आला आहे. म्हणजे जे संप्रेरक पानात पाणी वाचवते, तेच परागकोशात दाणे घालवू शकते. सबंध रोपात ते सरसकट वाढवण्याच्या कल्पनेत म्हणूनच धोका आहे.

मक्याचे दुखणे थोडे निराळे. तुऱ्यातून पराग ठरल्या वेळी पडतात, पण ताणाखाली कणसाचे केस बाहेर यायला उशीर होतो. दोहोंतील अंतर वाढले की दाणे धरत नाहीत. हे अंतर दिवसांत मोजता येते, त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही, आणि तरीही कित्येक प्रयोगांत ते नोंदवले जात नाही याचे आश्चर्य वाटते.

संप्रेरकाचा ग्राही वाढवावा की घटवावा?

या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, हे दाखवणारी दोन कामे शेजारी ठेवून वाचावीत. २०१८ मध्ये भातातील ॲब्सिसिक आम्लाचे पीवायएल१, पीवायएल४ आणि पीवायएल६ हे तीन ग्राही क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राने एकत्र निकामी केले असता पाणी असलेल्या शेतात वाढ आणि दाण्याचे उत्पादन वाढले. २०१९ मध्ये गव्हात अशाच कुळातील ग्राही वाढवला असता रोपांनी आयुष्यभरात कमी पाणी वापरले आणि दाण्याचे उत्पादन टिकून राहिले. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण नाहीत. पाणी भरलेल्या शेतात रंध्रे मिटण्याची सावधगिरी हा निव्वळ तोटा असतो. पाणी मोजके असते तिथे तीच सावधगिरी कामाला येते. आपण ज्या परिस्थितीसाठी वाण डोळ्यासमोर ठेवला आहे ती आधी लिहून काढावी आणि मग जनुक निवडावे, असे आम्ही सुचवतो. प्रत्यक्षात विद्यार्थी उलट क्रमाने जातात.

मुळांवर काम करण्यास वाव आहे का?

भरपूर वाव आहे आणि करणारे त्या मानाने थोडे आहेत, कारण मुळे धुणे हे कंटाळवाणे काम आहे. भातातील डीआरओ१ हे जनुक २०१३ मध्ये ओळखले गेले. ऑक्सिन त्याची अभिव्यक्ती कमी करते आणि ते अधिक कार्यरत असले की मुळे जास्त उभ्या कोनात, खोलवर जातात. उथळ मुळांच्या आयआर६४ वाणात ते आणल्यावर दुष्काळातील उत्पादन सुधारले. २०२१ मध्ये आणखी एक लक्षवेधी गोष्ट समोर आली. घट्ट दबलेल्या मातीत मुळे थांबतात ती केवळ माती कठीण असल्यामुळे थांबतात असा समज होता. पण दबलेल्या मातीतील पोकळ्या कमी झाल्याने मुळाभोवती इथिलीन साचते आणि ते वाढ रोखते. इथिलीनला प्रतिसाद न देणाऱ्या भाताची मुळे अशा मातीतही पुढे सरकली. हे वाचल्यावर जुन्या कितीतरी मूळ-मोजमापांकडे पुन्हा पाहावेसे वाटते.

ज्वारीत काम करणाऱ्यांनी स्ट्रायगोलॅक्टोनकडे वळावे. मुळांतून झिरपणाऱ्या या रेणूंमुळे स्ट्रायगा या परोपजीवी तणाचे बी रुजते. २००८ मध्ये तेच रेणू फुटव्यांवर नियंत्रण ठेवणारे संप्रेरक असल्याचे सिद्ध झाले. ज्वारीतील एलजीएस१ जनुकातील बदलामुळे मुळांतून येणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोनचा प्रकार बदलतो आणि तणाचे बी फारसे रुजत नाही.

कोणते पीक निवडावे?

भाताचा जनुकसंच लहान, सुमारे ३९ कोटी बेसजोड्यांचा, आणि २००५ पासून अचूक वाचलेला आहे. जनुक घालण्याची पद्धतही १९९४ पासून रुळलेली आहे. गव्हाचा जनुकसंच सुमारे १६ अब्जांचा असून बहुतेक जनुकांच्या ए, बी आणि डी अशा तीन आवृत्त्या असतात, त्यामुळे एक निकामी केली तरी उरलेल्या दोन काम भागवून नेतात. म्हणून गव्हात तिन्ही आवृत्त्यांतील बदल एका रोपात आणण्यातच वर्ष-दीड वर्ष जाऊ शकते. कृत्रिम प्रकाशात दिवसाला २२ तास उजेड देऊन गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत घेता येतात, पण त्या रोपांवर ताणाचा प्रयोग करू नये. ती केवळ पिढ्या पुढे नेण्यासाठी. सातू द्विगुणित, म्हणजे जनुकांच्या तीन आवृत्त्या नसलेले पीक, असल्याने गव्हाच्या प्रश्नासाठी उत्तम पर्याय ठरतो. ज्वारी आणि बाजरी मुळात काटक आहेत आणि त्यांच्यावर काम फार कमी झाले आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

संप्रेरके मोजताना सर्वाधिक चुका कुठे होतात?

यंत्रावर फार थोड्या होतात. चुका पान तोडण्याच्या क्षणी होतात. ॲब्सिसिक आम्लाचे प्रमाण ताज्या वजनाच्या दर ग्रॅममागे काही नॅनोग्रॅमपासून काही शे नॅनोग्रॅमपर्यंत असते आणि तोडलेले पान कोमेजू लागताच ते वाढायला लागते. म्हणून पान तोडणे, पाकिटात घालणे आणि उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवणे हे काही सेकंदांत व्हावे लागते. नियंत्रण गटाची सगळी पाने सकाळी नऊला आणि ताण दिलेल्यांची अकराला घेतली, तर मोजलेला फरक ताणाचा की वेळेचा हे कोणालाच सांगता येणार नाही. दोन्ही गटांतील रोपे आलटून-पालटून, एकाच तासात घ्यावीत. कोणते पान, पानाचा कोणता भाग, हेही ठरलेले असावे. मुळांचे नमुने घेताना माती धुण्यात जाणारा वेळ हाच एक ताण असतो, म्हणून तो सर्व नमुन्यांसाठी सारखा ठेवावा.

पूड करताना नमुना वितळू देऊ नये. ड्युटेरियमयुक्त प्रमाणके, म्हणजे त्याच संप्रेरकाचे जड हायड्रोजन असलेले ज्ञात प्रमाणातील नमुने, निष्कर्षणाच्या आधीच घालावीत, म्हणजे पुढच्या टप्प्यांतली गळती आपोआप हिशोबात येते. शेवटी घातल्यास त्यांचा निम्मा उपयोग संपतो. मापन द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री जोडलेल्या यंत्रावर होते. निकाल ताज्या आणि कोरड्या अशा दोन्ही वजनांवर द्यावेत: सुकत चाललेल्या पानात पाणी कमी झाल्यामुळेच ताज्या वजनामागील आकडा फुगतो, आणि तो फुगवटा संप्रेरकवाढ म्हणून छापला गेल्याची उदाहरणे आढळतात.

एवढे करूनही मिळते ती सबंध तुकड्याची सरासरी. संप्रेरक कोणत्या पेशीत आहे हे त्यातून कळत नाही, आणि ग्राहीची संवेदनशीलता बदलली असेल तर प्रमाण न बदलताही प्रतिसाद बदलतो.

जनुकसंपादन केल्याशिवाय पीएच.डी. होऊ शकत नाही का?

अवश्य होऊ शकते. नैसर्गिक वाणांतील विविधता, उत्परिवर्तनांचे तयार संग्रह आणि जवळजवळ समान जनुकसंचाच्या ओळी (एकाच वंशातून जपलेली रोपे) यांवर भक्कम काम करता येते. सब१ए आणि डीआरओ१ ही दोन्ही जनुके नैसर्गिक विविधतेतूनच हाती आली. संपादन केलेच तर किमान दोन स्वतंत्र ओळी, त्याच प्रक्रियेतून गेलेली पण बदल नसलेली भावंडे नियंत्रण म्हणून, आणि शक्य असेल तर जनुक परत घालून मूळ गुण परत येतो का याची तपासणी, एवढे असावे. अनेक सदस्यांच्या कुळातील एकच जनुक निकामी करून 'काही परिणाम नाही' असे म्हणणे घाईचे ठरते. अरॅबिडॉप्सिसमध्ये ॲब्सिसिक आम्लाच्या ग्राहींचे १४ सदस्य आहेत आणि ते एकमेकांचे काम भागवतात.

यातून शेतात किती फरक पडेल, अशी अपेक्षा ठेवावी?

माफक. मक्यात इथिलीनचा प्रतिसाद कमी करणारे आर्गोस८ हे जनुक क्रिस्परने अधिक कार्यरत केले असता फुलोऱ्यातील पाण्याच्या ताणाखाली एकरी ५ बुशेल, म्हणजे हेक्टरी साधारण ३०० किलो, जास्त उत्पादन मिळाले आणि पुरेशा पाण्यावर तोटा झाला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम आम्हाला आदर्श वाटते, कारण त्यात आकडा छोटा आहे, पण तो शेतातला आहे, दाण्याचा आहे आणि चांगल्या परिस्थितीतही तपासलेला आहे.

संप्रेरकांची फवारणी करून तेच साधणार नाही का?

काही प्रमाणात साधते. ॲब्सिसिक आम्ल उन्हात आणि पानात लवकर मोडते, म्हणून त्याची नक्कल करणारे अधिक टिकाऊ रेणू घडवले जातात. २०१९ मधील ओपाबॅक्टिन हा त्यांपैकी एक असून त्याचा परिणाम गव्हावरही दिसला. फवारणीचा फायदा असा की दुष्काळाचा अंदाज आल्यावरच ती करता येते. प्रबंधात मात्र फवारणीला उपचार म्हणून वापरताना मात्रा शरीरातील प्रमाणाच्या जवळपास ठेवावी. शेकडो पट मात्रेने मिळालेला परिणाम हा त्या संप्रेरकाचे नैसर्गिक कार्य दाखवतो असे मानता येत नाही.

वेळेचे नियोजन कसे असावे?

शेतातील प्रयोगाला साधारणपणे वर्षाला एकच हंगाम मिळतो, आणि एका हंगामाच्या आकड्यांवर कोणीही विश्वास ठेवत नाही. तिसऱ्या वर्षी शेतात उतरायचे ठरवले तर एखादा अवकाळी पाऊस दुष्काळाचा सारा प्रयोग धुऊन नेतो आणि दुसरी संधी उरत नाही. म्हणून पहिल्याच हंगामात, जनुकाची निवड झालेली नसली तरी, उपलब्ध वाण घेऊन शेतातील ताणाचा छोटा प्रयोग लावावा. त्यातून वाण कळतात, शेत कळते, आणि पाण्याचा ताण आपल्या जमिनीत नेमका केव्हा सुरू होतो ते कळते. प्रयोगशाळेतील काम याच्या बरोबरीने चालते.

संख्याशास्त्र किती यावे लागते?

प्रयोगाचे एकक कोणते, हे चुकणार नाही इतके. पाणी कुंडीला दिले असेल तर एकक कुंडी आहे. तिच्यातल्या पाच रोपांची पाच पाने मोजली म्हणून पुनरावृत्ती पाच होत नाहीत. शेतात सिंचन वाफ्याला दिलेले असते, तेव्हा एकक वाफा. प्रयोग लावण्यापूर्वी संख्याशास्त्रज्ञाला भेटावे.

मार्गदर्शक निवडताना काय विचारावे?

ताणाचा प्रयोग कसा लावतात ते विचारावे, आणि उत्तरात जमिनीतील ओलावा मोजण्याचा उल्लेख येतो का ते ऐकावे. मास स्पेक्ट्रोमीटर स्वतःचा आहे की रांगेत थांबावे लागते, बीजसंग्रहाची नोंद कोण ठेवते, मागील विद्यार्थ्यांचे न जमलेले प्रयोग वाचायला मिळतात का, हेही विचारता येते. शोधनिबंधांची संख्या विचारण्याची गरज नाही, ती तशीही कळते.

माझ्या जनुकाचा शेतात काहीच परिणाम दिसला नाही तर?

प्रयोग पुरेशा पुनरावृत्तींसह आणि मोजलेल्या ताणाखाली झाला असेल तर तो निष्कर्ष प्रबंधात यायलाच हवा, आणि बहुतेक परीक्षक तो मान्य करतात. कुंडीत दिसलेला परिणाम शेतात का नाहीसा झाला, याची कारणमीमांसा हे स्वतंत्र प्रकरण होऊ शकते: मुळांना खोल माती मिळाली का, ताण हळूहळू आला का, उष्णता सोबत होती का. दुष्काळ आणि उष्णता एकत्र आल्यावर रंध्रे मिटवणे हा पाण्यासाठी फायदा आणि पान थंड ठेवण्यासाठी तोटा ठरतो. कुंडीत दोन्ही ताण क्वचितच एकत्र दिलेले असतात.

प्रबंध सादर झाल्यावर बियाणे आणि आकडे यांचे काय करावे?

प्रत्येक ओळीचे बी वंशावळ, पिढी आणि काढणीच्या तारखेसह कोरड्या, थंड साठवणीत द्यावे, आणि त्याचा अलीकडचा उगवण-चाचणीचा आकडा पाकिटावर लिहावा. मोजमापांच्या कच्च्या नोंदी, गाळलेल्या नमुन्यांसह आणि ते का गाळले त्या कारणांसह, खुल्या संग्रहात ठेवाव्यात. जमिनीतील ओलावा आणि हवामान यांच्या नोंदी त्याच ठिकाणी जोडाव्यात, कारण त्यांच्याविना उत्पादनाचे आकडे दुसऱ्या कोणालाही वापरता येत नाहीत.